पाणी घालवा, कासव वाचवा

आष्टी तालुक्यातल्या माणसाला पाणी अडवायला सांगा. तो झोपेतून उठेल, चपला न घालता रानात जाईल आणि अंधारात बांध घालून परत येईल. त्याच माणसाला पाणी घालवायला सांगा. तो आधी तुमच्याकडे बघेल, मग तुमच्या घरच्यांकडे बघेल आणि हळूच विचारेल, "ह्यांना कधीपासून होतंय असं?"

यात त्याचा दोष नाही. आमचा मुलूख पर्जन्यछायेतला. ढग नगरवरून येतात, वर थांबून गावाची हजेरी घेतात आणि बीडकडे निघून जातात. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आधीच्या पिढीने पाझर तलावांवर माती वाहिली. मग ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ भिंतींवर आलं. पुढे जलयुक्त शिवार आलं. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा आली आणि पहिल्याच वर्षीच्या तीन तालुक्यांत आमच्या बीड जिल्ह्याचा अंबाजोगाई होता. शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला आणि राळेगणसिद्धीला आमच्याकडून एवढ्या सहली गेल्या, की काही लोकांना तिथले बंधारे पाठ आहेत आणि स्वतःच्या रानाचे बांध आठवत नाहीत. आमच्या कडा गावच्या शाळेतलं पोरगंही समतल चर, नालाबांध, शेततळं, सांडवा हे शब्द जेवताना वापरतं. एवढ्या शिक्षणात एकच धडा राहिला. जिथे पाणी नको, तिथून ते काढायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. कधी गरजच पडली नाही. ती एका कासवाने पाडली.

कासव मास्तरांचं. मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त गणित शिक्षक; गल्लीतले निम्मे बापे अजून त्यांच्यासमोर बिडी लपवतात. त्यांचा मुलगा पुण्यात. त्याने काही वर्षांपूर्वी हौसेने तळहातावर बसणारं एक कासवाचं पिल्लू आणलं. दुकानदार म्हणाला होता, एवढंच राहतं. ते सुल्काटा जातीचं निघालं. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, साहेलच्या पट्ट्यात राहणारं हे कासव. गालापागोस आणि अल्डाब्राची बेटावरची कासवं सोडली, तर जमिनीवर याच्याएवढं मोठं कासव जगात नाही. पुरती वाढ झाली की चाळीस-पन्नास किलो, क्वचित त्याच्याही पुढे. आयुष्य सत्तर वर्षं किंवा जास्त. आणि आवडता धंदा एकच, खोदणं. उन्हापासून वाचायला ते जमिनीत काही मीटर लांब बिळं काढतं. पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर खोदायला खाली दुसरा मजला होता. सोसायटीने पत्र दिलं.

पुण्यातल्या माणसाच्या घरात जे मावत नाही, त्याला गावाकडे जागा असते, असं शास्त्र आहे. आधी मोडका सोफा आला, मग व्यायामाची सायकल आली, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात कासव आलं.

पुण्यात त्याचं नाव ‘फ्लॅश’ होतं. कड्यात ते चार दिवसही टिकलं नाही. पोरांनी ‘डेमू’ ठेवलं. नगर-बीड-परळी रेल्वे १९९५ मध्ये मंजूर झाली. कड्याच्या स्टेशनातून नगर-आष्टी डेमू गाडी धावली २३ सप्टेंबर २०२२ ला. मधल्या सत्तावीस वर्षांत ज्यांनी रेल्वेसाठी मोर्चे काढले त्यांची नातवंडं लग्नाला आली. त्यामुळे आमच्या गावात कासवाला कुणी हळू म्हणत नाही. उलट ते अंगणाच्या एका कोपऱ्यातून निघून दुसऱ्या कोपऱ्यात त्याच दिवशी पोचतं, याचं लोकांना कौतुक वाटलं.

पहिली शंका कायद्याची निघाली आणि ती रास्त होती. आपल्याकडचं पाठीवर चांदण्या असलेलं कासव घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. २०१९ मध्ये ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय करारानेही त्याला सर्वांत कडक यादीत टाकलं. पाणी साफ राहतं म्हणून बापजादे विहिरीत नदीतलं कासव सोडायचे, तेही आता धरता येत नाही. डेमू पडला परदेशी. परदेशी प्राण्यांसाठी २०२४ च्या फेब्रुवारीत वेगळे नियम आले: सहा महिन्यांच्या आत ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करा, ताबा बदलला तर कळवा, पिल्लं झाली तर कळवा, मेलं तरी कळवा. मुलाने नोंद केलेली होती. मास्तरांनी तो कागद लॅमिनेट करून देवघराशेजारी टांगला. गल्लीला कायदा मोडला असता तर एवढं वाईट वाटलं नसतं.

"आमच्या सातबाऱ्यावरून मेलेल्या आज्ज्याचं नाव निघंना," एक जण म्हणाला, "अन् ह्या आफ्रिकेच्या पाव्हण्याची नोंद झाली बी!"

दुसऱ्याचं डोकं आणखी पुढे चाललं. २०१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या होत्या आणि त्यात आष्टी तालुका आघाडीवर होता. मोठ्या जनावराला दिवसाला नव्वद रुपये, लहानाला पंचेचाळीस. पुढे शंभर आणि पन्नास झाले. त्या आठवणीने त्याने विचारलं, "मास्तर, हे मोठ्या जनावरात धरायचं का लहानात?"

"कशाला?"

"न्हाई, पुढच्या छावणीला विचारून ठिवतो."

खाण्यापिण्याचा प्रश्न आलाच नाही. सुल्काटाला गवत लागतं, वाळलेलं असलं तरी चालतं, आणि फड्या निवडुंग तर त्याला फार प्रिय. आष्टी तालुक्यात निवडुंगाची टंचाई कधीच जाहीर झालेली नाही. डेमूने आल्या आल्या कुंपणाचा निवडुंग खाल्ला, उन्हात बसला, डोळे मिटले. साहेल आणि कडा यांत त्याला काही फरक जाणवला असेल, असं वाटलं नाही.

मग मे महिन्यातच पाऊस आला.

त्या वर्षी मान्सून वेळेच्या आधी निघाला होता. २६ मे ला तो मुंबईत पोचला आणि त्याच्या आधीपासूनच वळवाने आमच्याकडे ठाण मांडलं होतं. मास्तरांचं अंगण काळ्या मातीचं. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगांत हात जातो. पाऊस पडला की पहिलं पाणी त्या भेगांतून गडप होतं आणि माणूस खूश होतो. मग माती फुगते, भेगा बंद होतात, आणि नंतरचा थेंब जिथे पडला तिथेच मुक्काम करतो. भारी काळ्या मातीत पाणी तासाला जेमतेम काही मिलिमीटर उतरतं. कापसाला हे छान. कापूस उभा असतो. कासव पोटावर असतं.

डेमूने त्या चिखलात पहिल्या दिवशी आनंदाने लोळण घेतली. सुल्काटाला उकाड्यात चिखल आवडतोच. पण लोळणं वेगळं आणि झोपणं वेगळं. कासवाची फुप्फुसं वर, पाठीच्या कवचाला लागून असतात, आणि आपल्यासारखा छातीखालचा पडदा नसल्याने त्याला धड खोकताही येत नाही. ओल्या गार जागेत रात्र काढली की सर्दी आत उतरते आणि नाकातून बुडबुडे निघू लागतात. पोटाखाली ओल राहिली तर कवच सडतं. आणि हे जमिनीवरचं कासव. त्याला पोहता येत नाही. उलटं पडलं तर वीतभर पाण्यातही त्याचा शेवट होतो.

ही शेवटची गोष्ट गल्लीला पटेना. कासव आणि पाण्यात बुडेल? विष्णूने कूर्मावतार घेऊन मंदार पर्वत पाठीवर धरला, तो कुठे धरला? समुद्रात. शहरातल्या मेहुण्याने वास्तूसाठी पितळी कासव घेतलंय, ते कशात ठेवलंय? पाण्याच्या ताटलीत. बीडला कंकालेश्वराचं देऊळच्या देऊळ कुंडात उभं आहे. देवाला पाणी चालतं आणि कासवाला चालत नाही? येता-जाता बायका डेमूवर तांब्याभर पाणी घालायच्या, वर हळदी-कुंकू वाहायच्या. मास्तरांनी एक पाटी लिहिली: ‘कृपया कासवावर पाणी घालू नये.’ दुसऱ्या दिवशी तिच्याखाली कुणीतरी नारळ फोडला होता.

डेमूच्या नाकातून बुडबुडे आले तेव्हा जनावरांचे डॉक्टर बोलावले. त्यांचं सगळं आयुष्य म्हशींच्या पोटात हात घालण्यात गेलेलं. कासवाच्या कुठे हात घालावा, हे त्यांना सुचेना. मुलाने पुण्याहून तज्ज्ञ डॉक्टर व्हिडिओ कॉलवर आणले. दोघांनी मिळून औषध ठरवलं आणि पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "आधी निचरा सुधारा. जागा ओली राहिली, तर औषध पाण्यात." त्यांना विनोद करायचा नव्हता.

आणि गाव कामाला लागलं.

कड्यात बैठक बोलवावी लागत नाही. खड्डा खणायला घ्या, बैठक आपोआप होते. जेसीबी आला. जेसीबी आला म्हणून माणसं आली. माणसं आली म्हणून चहा आला. जलसंधारणात ज्यांचं आयुष्य गेलं ती सगळी तज्ज्ञ मंडळी अंगणात उभी राहिली. समस्या ऐकून घेतली, माना हलवल्या आणि एकमताने निर्णय झाला: चारी बाजूंनी बांध घाला. बाहेरचं पाणी आत येणार नाही आणि कासवही पळून जाणार नाही. एका दगडात दोन पक्षी. मास्तर म्हणाले, "आतलं पाणी?" एक म्हणाले, "ते आपलंच की!" दुसऱ्याने पुढची सूचना केली, की मधोमध थोडं खोल करा, तेवढंच जास्त मावंल. सायंकाळपर्यंत बांध झाला. रात्री पाऊस झाला. सकाळी अंगणात उत्तम शेततळं तयार होतं, एका कोपऱ्यातल्या उंच दगडावर डेमू बसला होता आणि काठावर उभी असलेली मंडळी एकमेकांची पाठ थोपटत होती. थेंबसुद्धा बाहेर गेला नव्हता.

"अस्तरीकरणाची गरजच न्हाई," एक अनुभवी गृहस्थ म्हणाले. "असं धरणारं रान सापडत नसतं."

मास्तरांनी तिथेच गणित मांडलं. अंगण वीस बाय तीस फूट, म्हणजे सहाशे चौरस फूट. शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावर साडेपाच हजार लिटर पाणी येतं. एक लहान टँकर. गर्दी गंभीर झाली. ज्या टँकरची एप्रिलमध्ये घागरी घेऊन वाट बघितली, तो जूनमध्ये न बोलावता दारात आला आहे आणि मास्तर त्याला परत पाठवायला निघालेत, हे काही जणांना सहन होईना. दोघे जण उठून गेले.

पुढचा उपाय वाळूचा निघाला. ‘वाळू टाका, पाणी खाली जाईल.’ काळ्या मातीत थोडी वाळू मिसळली तर निचरा होत नाही; माती वाळूला पोटात घेते आणि दोघं मिळून विटेसारखी घट्ट होतात. शिवाय कासव चाऱ्याबरोबर वाळू गिळतं आणि त्याचं पोट तुंबतं. पण वाळू नाकारायला मास्तरांना एवढ्या शास्त्राची गरज पडली नाही. दारात वाळूचा ढीग दिसला की आमच्या जिल्ह्यात लोक रॉयल्टीची पावती विचारतात. आफ्रिकेच्या कासवाचा कागद मास्तरांकडे होता. नदीच्या वाळूचा कुठून आणणार?

मग मास्तरांनी स्वतः परीक्षा घेतली. हातभर खोल खड्डा काढला, पाण्याने भरला, ते एकदा जिरू दिलं, पुन्हा भरला आणि आत पट्टी उभी करून घड्याळ लावलं. तासाला इंच-दोन इंच पाणी उतरलं तर जमीन बरी समजायची. तासाभरात पट्टी हलली नाही. वाटेने जाणारा प्रत्येक जण थांबला. कुणी विचारलं, बोअरला पाणी लागलं का? कुणी विचारलं, मास्तर, काय मुरवायलाय? संध्याकाळी शेजारच्या शेळीने पाणी पिऊन टाकलं आणि पट्टी एकदम चार इंच उतरली. मास्तरांनी ते वाचन ग्राह्य धरलं नाही.

ही सगळी गंमत गल्लीच्या टोकाचे आबा ओट्यावर बसून बघत होते. वय ऐंशीच्या पुढे. बरेच दिवस काही बोलले नाहीत, कारण कुणी विचारलं नव्हतं. शेवटी काठी टेकत आले, शेततळ्याकडे बघितलं, डेमूकडे बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, आपल्या गावाला पाणी घालवता येत न्हाई म्हंता? मग पूर्वीच्या घरात आपण निजत कुठं हुतो?"

आबांनी आयुष्यभर माळवदं केली होती. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे लाकडी तुळया, वर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर आणि शेवटी पांढरी माती. अख्खं छप्पर मातीचं आणि वरून पाऊस! ते टिकायचं कशावर? उतारावर. डोळ्याला दिसू नये पण पाण्याला कळावं, एवढाच उतार काढायचा आणि कडेला पन्हाळी बसवायच्या. दर वर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकून ती तुडवायची. पाणी माळवदावर थांबलं, तर रात्री ते पांघरुणावर यायचं. सिमेंटचे स्लॅब आले, माळवदं गेली आणि उतार काढणारे हात रिकामे झाले.

"अन् पेव?" आबा म्हणाले. "जमिनीत खड्डा करून सहा-सहा म्हैने ज्वारी ठिवायचो. एक दाणा भिजायचा न्हाई."

पेवाची जागा कुणी कुठेही धरत नसे. उंचावरची, मुरमाची, पाणी न लागणारी जागा बघायची. तोंड लहान, आत रुंद, कडेने कडबा-भुसकट लावायचं आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. गावठाण पांढरीत वसवलं आणि काळी पिकाला ठेवली, त्यामागेही हेच शहाणपण. घर कोरडं पाहिजे, पीक ओलं पाहिजे. आम्ही पुढे काळीतच प्लॉट पाडले.

पण आबांचा खरा मुद्दा पुढचा होता. "त्ये समदं जाऊ द्या," ते म्हणाले. "कांदा कशात ठिवता?"

आमच्या भागात हा प्रश्न विचारला की माणसं सावध होतात. माणसाच्या घरात पाणी शिरलं तर पंचनामा होतो. कांद्याच्या चाळीत शिरलं तर वर्ष जातं. म्हणून चाळीला तळातून दीड-दोन फूट मोकळी जागा असते, बाजूंना पट्ट्यांमधून वारं खेळतं, पत्रा भिंतींच्या बाहेर काढलेला असतो आणि चाळीभोवती पाणी उभं राहू नये म्हणून शेतकरी स्वतः फावडं घेऊन चर मारतो. त्यासाठी तो कुठल्याही योजनेची वाट बघत नाही. पाणी घालवण्याची सगळी विद्या गावात होती. ती आम्ही कांद्यासाठी राखून ठेवली होती.

मग काम सुरळीत झालं. बांध फोडला. तो फोडताना दोघातिघांच्या तोंडून हाय निघाली, पण फोडला. काळ्या मातीचा वरचा थर काढून त्या जागी मुरूम टाकला, पाणी मारून धुमसला. गवंड्याने पाण्याची पारदर्शक नळी धरून पातळी बघितली आणि तीस फुटांत सात इंच उतार काढला. शंभर फुटाला दोन फूट पडतो तो. माणसाला सपाट वाटतो, पाण्याला पुरतो. वरच्या अंगाला, जिथून गल्लीचं पाणी आत यायचं, तिथे आडवा चर काढून ते बाहेरून वळवलं. शेजारच्या पत्र्याची पन्हाळ डेमूच्या डोक्यावर रिकामी होत होती, तिचं तोंड फिरवलं. खालच्या कडेला दीड फूट खोल चर खणून त्यात भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप टाकला आणि भोवती खडी भरली. माती आत जाऊ नये म्हणून खडीला जुन्या शेडनेटचं पांघरूण घातलं.

पाइपवरून अर्धा दिवस भांडण झालं. गवंडी म्हणे, भोकं वर पाहिजेत, कारण पाणी वरून येतं. मास्तर म्हणे, भोकं खाली पाहिजेत, कारण पाणी खडीत तळापासून चढतं आणि पाइपात खालून शिरतं. भोकं वर ठेवली तर पाइप चालू होईपर्यंत चर निम्मा भरलेला असेल. गवंड्याने तीस वर्षांचा अनुभव सांगितला. मास्तरांनी त्याचे सातवीतले गणिताचे गुण सांगितले. भोकं खाली झाली.

डेमूची झोपायची खोली चाळीच्या धर्तीवर बांधली. दीड फूट उंच जोतं, वर शहाबादी फरशी, फरशीवर वाळलेल्या गवताचा थर, पत्रा पुढे काढलेला आणि वर चढायला मुरमाची लांब घसरण. जोत्याखाली मोकळी जागा मात्र ठेवली नाही, भरीव केलं. खोदणाऱ्या प्राण्याला तळघर दाखवू नये. बिळासाठी उंचवट्यावरची मुरमाची एक जागा आबांनी निवडून दिली, तोंड उताराच्या दिशेला. त्यांनी काठीने रेघ मारली आणि म्हणाले, "हितं खण म्हणा." डेमूने चार दिवस विचार केला आणि तिथेच खणलं. गावात आबांचं ऐकणारा तो पहिलाच.

राहिलं शेवटचं टोक. पाइपमधून निघालेलं पाणी जाणार कुठे? रस्त्यावर सोडलं तर भांडण, शेजाऱ्याकडे सोडलं तर जास्त मोठं भांडण. तेव्हा अंगणाबाहेर, घरापासून लांब, खालच्या अंगाला शोषखड्डा घ्यायचं ठरलं. हे काही नवीन नव्हतं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे घेऊन गावातली उघडी गटारं आणि डास दोन्ही घालवले, आणि ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून त्याचं नावही झालं. पण काळ्या मातीत शोषखड्डा काढला तर तो हौद होतो. म्हणून काळी संपून मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागलं. मुरूम लागला, खडी भरली, बादलीभर पाणी ओतलं. पाणी दिसेनासं झालं.

जमलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी समाधान पसरलं. "असं सांगा की मग," एक जण म्हणाला. "पाणी जिरवायचंच हुतं की! आम्हाला वाटलं, घालवायचं."

जुलैतली पहिली मोठी सर झाली आणि सगळी गल्ली छत्र्या घेऊन डेमूचं अंगण बघायला आली. अर्ध्या तासात अंगण मोकळं. डेमू फरशीवर कोरडा, नाक स्वच्छ. मंडळी परत निघाली ती गुडघाभर पाण्यातून. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावातलं गटार घ्या. ते बांधताना सिमेंट येतं, सळई येते, फोटो येतो, उतार तेवढा येत नाही. पाणी बिचारं दोन्हीकडे बघतं आणि मध्येच बसतं. परत जाताना गल्लीला हा विचार प्रथमच सुचला, की आख्ख्या वस्तीत पायाला चिखल न लागता उभं राहता येईल अशी जागा एकच आहे आणि तिथे आफ्रिकेचा पाहुणा राहतो. त्यानंतर गौरीच्या दिवसांत दोन घरांनी वाळवण मास्तरांच्या अंगणात घातलं. डेमूने कुरडया खाल्ल्या. कुणी तक्रार केली नाही.

सप्टेंबरच्या मध्याला मात्र सगळ्यांचीच गणितं वाहून गेली. आष्टी तालुक्यात अतिवृष्टी झाली, कडी नदी गावात आली, आणि तालुक्यात अडकलेल्या माणसांना काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. कित्येकांची रानं खरवडून गेली, जनावरं गेली. त्यात हसण्यासारखं काही नाही. निचरा म्हणजे आपलं पाणी खालच्याकडे पाठवणं; खालचंच पाणी वर आलं तर पाइपाची भोकं कुठल्याही बाजूला असोत. चौघांनी डेमूला पोत्यात धरून एका जुन्या माळवदावर नेलं. आबांच्या. तिथे त्या रात्री तीन घरची माणसं, दोन शेळ्या आणि एक कासव होतं, आणि माळवदाच्या पन्हाळी नीट चालत होत्या. पूर ओसरला. १७ सप्टेंबरला बीडहून नगरला पहिली रेल्वे सुटली. मंजुरीनंतर तिसाव्या वर्षी. डेमूला अजून साठ वर्षं आहेत, परळी तो बघेल.

पुराचा गाळ काढल्यावर चर पुन्हा उघडला, खडी धुतली, शेडनेट बदललं. निचरा एकदा करून विसरायची गोष्ट नाही. माळवदाला दर मृगात माती लागायची, तसं यालाही हात लावावा लागतो. हे काम आता गल्लीतली पोरं आनंदाने करतात, कारण चर साफ करताना आत काय काय सापडतं याची त्यांनी वही केली आहे.

खरी गोष्ट जानेवारीत झाली. शोषखड्ड्याच्या खालच्या अंगाला दाजींचं घर आणि त्यांचा हातपंप. पावसाळ्यात हेच दाजी दारात उभे राहून ओरडले होते, की मास्तर, तुमच्या कासवाचं पाणी आमच्याकडं सोडायचं न्हाई, नाहीतर पंचायतीत जाईन. आता ते सकाळीच आले, चहा घेतला, डेमूला निवडुंगाचं एक पान दिलं. त्यांचा हातपंप दर वर्षी डिसेंबरात खाकरायला लागतो, यंदा अजून पाणी देत होता. तो पुराच्या पाण्यामुळे देत होता की मास्तरांच्या खड्ड्यामुळे, हे कुणी सांगावं? पण दाजींनी आपला निर्णय केला होता.

"मास्तर," ते म्हणाले, "पुढच्या पावसाळ्यात अंगणाचा उतार थोडा आणखी वाढवायचा का?"

"का? निचरा चांगला होतोय की."

"होतोय, होतोय. पण म्हन्लं, कासवाची तब्येत नाजूक असती. अन् एक खड्डा आणखी घेऊ. आमच्या बाजूला."

वरच्या अंगाचे शेजारी कुंपणापलीकडून ऐकत होते. ते लगेच पुढे आले आणि म्हणाले, आडवा चर काढून आमच्या गल्लीचं पाणी तुम्ही कुणाला विचारून वळवलं? आता दोघांची तारीख पडली आहे. खटला पाण्याचा आहे, पण अर्जात वादग्रस्त मालमत्ता म्हणून कासव लिहिलंय.